घरकुलाच्या ॲपला लिंटल कळतं, नट-बोल्ट कळत नाही: ग्रामविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. ग्रामविकास मंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,

स.न.वि.वि.

साहेब, मी पॅनलची (दोन पत्र्यांच्या मध्ये फोम वगैरे भरलेल्या तयार भिंतींची) घरं उभी करतो. फिटर आहे, 11 वर्षं झाली. साइट ऑफिस, लेबर कॅम्प, लोणावळ्याकडे शेठ लोकांची फार्महाऊस. जोतं तयार असेल तर दोन खोल्यांचं घर आम्ही चार जण आठ-दहा दिवसांत लाईटच्या पाइपांसकट उभं करून देतो. आणि माझ्या सख्ख्या आत्याचं प्रधानमंत्री आवास योजनेतलं घरकुल मात्र जोत्यावर येऊन थांबलंय, त्यावर आता गवत वाढलंय आणि शेजारच्यांच्या शेळ्या बसतात.

2025 च्या फेब्रुवारीत बालेवाडीला मोठा कार्यक्रम झाला होता ना, एकाच वेळी 20 लाख मंजुरीपत्रं वाटली ती, त्यातलं एक आत्याचं. 15 हजारांचा पहिला हप्ता पण वेळेवर आला, खोटं कशाला बोलू. अडचण पुढे आहे. आत्याची वाडी रायगड जिल्ह्यात डोंगरावर आहे, गावाचं नाव मुद्दाम देत नाही कारण चूक तिथल्या कुणाची नाहीये. टेम्पो खालच्या फाट्यापर्यंत येतो, पुढे दोन किलोमीटर पायवाट. पाच ब्रास वाळू फुकट मिळते म्हणतात, मिळेल पण, पण ती वर कोण नेणार? 25 चौरस मीटरच्या घराला साताठ हजार विटा लागतात, बाई डोक्यावर एका खेपेला आठ विटा नेते, म्हणजे नुसत्या विटांच्या नऊशेच्या आसपास खेपा झाल्या, सिमेंट, खडी, सळई वेगळीच. गवंड्याने हिशोब काढला तर विटेच्या किमतीएवढीच वर चढवायची मजुरी. आत्या म्हणाली, "बाळा, घर राहू दे, त्या पैशात मी खालीच भाड्याने राहीन की."

म्हणून मी म्हटलं पॅनलचं करू. तीन मीटर लांब एक मीटर रुंद पॅनल साधारण 30 किलोचा, दोन माणसं आरामात खांद्यावर नेतात. अख्ख्या घराला असे पस्तीस-चाळीस आणि वर थोडं लोखंड. वाडीतली पोरं दोन दिवसांत सगळं वर नेतील. आमच्या मालकांनी नफा न घेता द्यायचं कबूल केलं आणि फिटिंग मी करणारच होतो, तरी 3 लाखांच्या जवळ जातंय. पण गवंड्याचा आकडा पण जवळपास तोच आहे, सव्वातीन. केंद्र-राज्य मिळून योजनेचे 1 लाख 20 हजार, राज्याने बजेटमध्ये वाढवलेले 50 हजार, बाकी बचतगटाचं कर्ज, असं जुळवलं होतं.

मग गेलो विचारायला. ग्रामसेवक भाऊसाहेब (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं म्हणे, पण तोंडात जुनंच बसलंय) चांगले आहेत, त्यांनी घरकुलाच्या इंजिनिअरना फोन लावून दिला. ते म्हणाले, घर पक्कं असेल तर मला काय हरकत असणार, पण दुसऱ्या हप्त्याला योजनेच्या ॲपवर जोत्याचा जिओ टॅग (जागेच्या नोंदीसकट) फोटो लागतो, पुढच्याला लिंटलचा (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईचा), मग छताचा. तुमच्या घरात लिंटल कुठाय? खरंय, पॅनलच्या घरात लिंटल नसतंच, चौकट थेट लोखंडी चॅनलला बोल्ट होते. दुसरं म्हणजे रोजगार हमीचे 90 दिवस मजुरीचे मिळतात, त्याचं मस्टर (हजेरीपत्रक) घर बांधायला काही महिने लागणार हे धरून आहे, आमचं घर दहाव्या दिवशी संपतं, मग उरलेल्या दिवसांची मजुरी कुठे दाखवायची? तिसरं, योजनेत ठेकेदार लावायला बंदी आहे आणि पॅनल कंपनी म्हणजे ठेकेदारच असं कुणी ऑडिटला म्हटलं तर नोकरी त्यांची जाईल.

बंदी बरोबरच आहे साहेब, ती काढा असं मी म्हणत नाही. ती काढली तर उद्या प्रत्येक तालुक्यात कुणीतरी पुढारी पातळ पत्र्याची खोकी आणून गरिबांच्या माथी मारेल. मी या लाइनमध्ये आहे, कसला कसला माल येतो ते मला माहितीये. निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, आमच्याकडे पत्रे पत्त्यासारखे उडाले होते. आणि साधा फोम भरलेला पॅनल चुलीजवळ लावायचाच नाही, पेटतो, तिथे रॉकवूल (न पेटणारी दगडी लोकर) किंवा सिमेंट बोर्ड पाहिजे. हे नियमात लिहा ना.

योजनेच्या मार्गदर्शक सूचनेत पक्क्या घराची व्याख्या काय आहे? नीट देखभाल केली तर किमान 30 वर्षं ऊन-पाऊस सोसून टिकेल असं घर. हे वीट-सिमेंटचंच असलं पाहिजे असं त्या व्याख्येत नाही. नियमाने बंदी नाही, अडवलंय ते ॲपमधल्या फोटोंनी आणि हप्त्यांच्या पायऱ्यांनी. आणि शहरात केंद्र सरकारनेच 2021 ला सहा लाइट हाऊस प्रोजेक्ट सुरू केले, इंदूरला सँडविच पॅनलची, रांचीला तर अख्ख्या खोल्या बाहेर ओतून आणून एकावर एक रचलेली. आपल्याकडे रायगडातल्या तळिये गावात 2021 च्या जुलैत दरड कोसळली तेव्हा म्हाडाने प्री-फॅब घरंच घेतली ना करायला? दरड कोसळल्यावर चालतं, मग त्याआधी का चालत नाही?

अमेरिकेत कारखान्यात बनणाऱ्या घरांना 1976 पासून केंद्राचा वेगळा कोड आहे, घराच्या प्रत्येक भागावर बाहेरून लाल रंगाची छोटी धातूची पट्टी ठोकलेली असते आणि ती असेल तरच सरकारी हमीचं कर्ज मिळतं. आपण निदान एवढं करू शकतो की बीएमटीपीसीचं (नव्या बांधकाम साहित्यासाठीची केंद्राची संस्था) प्रमाणपत्र असलेलीच सिस्टिम चालेल, कंपनी लाभार्थी स्वतः निवडेल, बिल त्याच्याच नावावर येईल, आणि अँकर बोल्ट किती, कितीचा, हे कोकणासाठी वेगळं लिहिलेलं असेल.

हप्ते पण बदलावे लागतील. कारखाना निम्मा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय शीट कापत नाही आणि आत्याकडे 15 हजारच होते, ते जोत्यातच गेले. जोत्याच्या फोटोनंतर मोठी रक्कम, माल साइटवर उतरल्याचा फोटो, मग घर उभं राहिल्याचा, असे तीन टप्पे ॲपमध्ये वेगळे टाका, लिंटल शोधू नका. ॲप केंद्राचं आहे हे मला माहितीये, पण राज्याने लेखी मागितलं तर दिल्लीत निदान फाइल तरी उघडेल. तोवर एखादा डोंगरी तालुका निवडून राज्याच्या स्वतःच्या घरकुल योजनांमध्ये करून बघा.

आत्याचे पॅनल आमच्या शेडमध्ये कोपऱ्यात उभे आहेत, मालकांनी अजून दुसऱ्या ऑर्डरला वापरले नाहीत पण किती दिवस थांबतील सांगता येत नाही. तुमच्याकडून होय आलं तर पुढच्या रविवारी माणसं घेऊन चढतो.

आपला,
एक पॅनल फिटर, खोपोली