पेलाभर पाणी मागणाऱ्या सहायक कृषी अधिकारी मॅडमना

मॅडम, नमस्कार.

मुरबाडकडच्या आमच्या भातावर करपा दिसला तेव्हा तुमच्याआधी ज्यांनी सल्ला दिला, त्यांनी पान हातातसुद्धा घेतलं नाही. बुरशीनाशक, अँटिबायोटिक, सुडोमोनास (रोगाच्या बुरशीला दाबणारे उपयोगी जिवाणू) आणि वर टॉनिक, सगळं एकाच पंपात टाका म्हणाले. अँटिबायोटिकने सुडोमोनासचे जिवाणूच मरतात. बिल मात्र चारही वस्तूंचं.

तुम्ही चप्पल बांधावर काढून खाचरात उतरलात आणि आधी काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी मागितलंत. डागाजवळ पान कापून पाण्यात उभं धरलंत आणि थांबलात. कापल्या जागेतून दुधट धार सुटली असती तर तो जिवाणूंचा कडाकरपा, त्यावर करप्याच्या बुरशीचं औषध फुकट. पाणी नितळ राहिलं. डागही दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. मगच म्हणालात, बुरशी आहे. त्या पेल्यासाठी हे पत्र.

औषध सांगितलंत ते ट्रायसायक्लाझोल ७५ टक्के, १५ लिटरच्या पंपाला ९ ग्रॅम, सोबत स्टिकर, कारण भाताच्या पानावर पाणी ठरत नाही. हे औषध बुरशीला पानात शिरू देत नाही, पडलेला डाग मात्र पुसत नाही. म्हणून जुने डाग मोजायचे नाहीत, नवं पान स्वच्छ निघतंय का ते बघायचं. इतकं न सांगितल्यामुळे किती जण 'लागू पडलं नाही' म्हणत लगेच दुसरी फवारणी मारतात!

सुडोमोनासची जागा पेरणीआधी, किलोभर बियाण्याला १० ग्रॅम. फवारायचं तर लिटरला ५ ग्रॅम, तेही उन्हं उतरल्यावर. डाग झपाट्याने पसरत असताना त्याच्या भरवशावर राहायचं नाही.

जुन्या उपायांना तुम्ही हसला नाहीत. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, त्यात पेरायचं बी ओतून तरंगलेलं पोचट बी काढून टाकायचं, उरलेलं दोनतीनदा धुऊन सावलीत सुकवायचं. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. तिच्यातल्या सिलिकाने पान टणक होतं. आंबट ताक भुरीवर, म्हणजे पानावर पांढरी पूड धरते त्या रोगावर, थोडंफार चालतं, करप्यावर नको, हेही स्पष्ट बोललात. आणि सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे युरियाचा हात आखडा. हिरव्यागार, लुसलुशीत भातावरच करपा आधी बसतो.

विकायला काही नसताना इतकं समजावून सांगणारी माणसं सरकारी नोकरीत आहेत, हे चार लोकांना कळावं म्हणून उघड लिहितोय.

भात पोटरीत आलंय, लोंबी अजून पानाच्या आवरणात आहे. ढग हटले नाहीत तर लोंबी निसवताना मानमोडीसाठी, म्हणजे लोंबीच्या मानेवर बसणाऱ्या करप्यासाठी, एक फवारणी घ्यायची, हे लक्षात आहे. पुडी आणून ठेवली आहे. टॉनिक नाही आणलं.