आर्थ्रोपोडा म्हणजेच संधिपाद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेमी-इंग्रजीच्या वर्गांत विज्ञानाच्या संज्ञा समजाव्यात म्हणून मुलांना ग्रीक-लॅटिन मूळशब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या जातात. त्यामुळे ओझे दुप्पट होते. ज्या मुळाचा एकही शब्द मुलाच्या वाचनात आलेला नाही, ते मूळ आठवडाभरही लक्षात राहत नाही.

आधी धडा वाचावा, मग त्यातला शब्द फोडावा. फोडताना मराठी माध्यमाचे पुस्तक शेजारी उघडे ठेवावे, कारण आपल्या कितीतरी संज्ञा त्याच अर्थांच्या जोडणीतून घडल्या आहेत. आर्थ्रोपोडा हा प्राण्यांचा संघ घ्या. ग्रीकमध्ये ‘आर्थ्रॉन’ म्हणजे सांधा, ‘पोड’ म्हणजे पाय, मराठीत संधिपाद. एकायनोडर्माटातला ‘डर्मा’ म्हणजे कातडी, म्हणून कंटकचर्मी. हा ‘डर्मा’ कळला की दवाखान्यावरची ‘डर्मॅटॉलॉजिस्ट’ ही पाटीही उलगडते. टेलिस्कोपमध्ये ‘टेले’ म्हणजे दूर आणि ‘स्कोप’ म्हणजे पाहणे. आपली दुर्बीण फारसी ‘दूरबीन’वरून आली, तिथेही दूर आणि पाहणे हेच दोन तुकडे! फोटोसिंथेसिसपाशी मात्र मुले अडतात, कारण फोटो म्हणजे चित्र हे डोक्यात पक्के असते. ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, ‘सिन्’ म्हणजे एकत्र, ‘थेसिस’ म्हणजे ठेवणे, असे सांगून शेजारी ‘प्रकाश-सं-श्लेषण’ लिहिले की गाठ सुटते.

आठवड्याला दोनच मुळे पुरेत. रोज १५ मिनिटे प्रकटवाचन घ्यावे आणि अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारून घ्यावी, पाचांपेक्षा जास्त नकोत. एकाच मुळाचे तीन शब्द वाचनात आले की वहीचे एक पान त्या मुळाला द्यावे. शब्द उभ्या रेघांनी तोडावा, अर्थाचा अंदाज मुलाने करावा, तो मूळ वाक्यात बसवून पाहावा आणि शब्दकोश शेवटी उघडावा. शब्दकोश आधी उघडला तर अंदाज करण्याची सवयच लागत नाही. दुसऱ्या आणि सातव्या दिवशी तोच शब्द मुलाने स्वतःच्या वाक्यात वापरावा.

चकवेही आहेत. ‘होमोजिनस’मधला ग्रीक ‘होमो’ म्हणजे समान, तर ‘होमो सेपियन्स’मधला लॅटिन ‘होमो’ म्हणजे माणूस. पेडलमध्ये पाय आहे, पीडिअ‍ॅट्रिशियनमध्ये मूल. मराठीतही ‘अनुभव’ म्हणजे अनु+भव, पण ‘अनुपस्थित’ म्हणजे अन्+उपस्थित. आकार, विकार, प्रतिकार यांच्या ओळीत मुले सरकारही बसवतात. तो शब्द फारसी आहे. शिवाय मूळ फक्त दिशा दाखवते. ऑक्सिजनचा मूळ अर्थ ‘आम्ल निर्माण करणारा’ असा आहे. प्रत्येक आम्लात तो असतो अशी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लॅव्हॉझिए याची समजूत होती आणि ती चुकीची ठरली, पण नाव तेच राहिले. म्हणून फोडलेला अर्थ वाक्यात तपासल्याशिवाय खरा धरू नये.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत दर आठवड्याला एक मूळ छापावे, ही विनंती. त्याचे तीन इंग्रजी शब्द, त्यांच्या मराठी संज्ञा आणि ते शब्द ज्यात आले आहेत असा एखादा उतारा द्यावा. उतारा मात्र वगळू नये.

आपला,
एक भाषाशिक्षक