बुद्धिबळाच्या ॲप्सची ताकद मोजणे आता थांबवावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलवरील बुद्धिबळाच्या ॲप्सविषयी आपल्या पुरवणीत नुकतेच प्रसिद्ध झालेले टिपण वाचले. त्यात दहा ॲप्सची क्रमवारी दिली होती आणि प्रत्येकाच्या नावापुढे तारे छापले होते. परंतु ते तारे कशाच्या आधारे दिले, याचा खुलासा ‘इंजिन अतिशय बलवान आहे’ या अर्थाच्या एका वाक्यापलीकडे जात नव्हता. (इंजिन म्हणजे ॲपमधला खेळी शोधणारा प्रोग्राम.) मी हौशी खेळाडू आहे. मध्यंतरी दोनेक महिने अशी पाच-सहा ॲप्स एकाच फोनवर घेऊन, एकेक गोष्ट सर्वांवर करून पाहिली. त्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ॲप निवडू पाहणाऱ्याला इंजिनाची ताकद हा निकष आता काडीच्याही उपयोगाचा राहिलेला नाही, आणि जे निकष उपयोगाचे आहेत त्यांचा आपल्या टिपणात उल्लेखच नाही.

ताकदीचा हिशेब आधी संपवतो. १९९७ साली आयबीएमच्या डीप ब्लू या महासंगणकाने तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले, तेव्हा तो सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती (पटावरच्या मोहऱ्यांच्या मांडण्या) तपासत होता. त्यानंतर बाराच वर्षांनी, २००९ मध्ये, ब्युनोस आयर्स येथील कोपा मर्कोसूर स्पर्धेत पॉकेट फ्रिट्झ ४ हा प्रोग्राम खिशात मावणाऱ्या फोनवर खेळला आणि १० पैकी साडेनऊ गुण मिळवून पहिला आला. तो सेकंदाला २० हजार स्थितीसुद्धा पाहत नव्हता. आज कितीतरी ॲप्सच्या पोटात स्टॉकफिश हे एकच इंजिन असते. ते २००८ पासून मुक्त स्रोत स्वरूपात कोणालाही उपलब्ध आहे, २०२० मध्ये त्याच्या १२ व्या आवृत्तीत न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी प्रणाली) आले, आणि सामान्य फोनवरही ते जगज्जेत्याला भारी पडेल. म्हणजे ‘सर्वांत बलवान इंजिन’ अशी जाहिरात करणारी चार ॲप्स अनेकदा एकाच विहिरीचे पाणी चार वेगळ्या पाट्या लावून विकत असतात. माझ्यासारख्याला हरवायला त्यातला एक तांब्याही पुष्कळ झाला.

खरा प्रश्न उलटा आहे: हे इंजिन आपल्या पातळीवर उतरून खेळते तेव्हा ते कसे खेळते? ही गोष्ट मी प्रत्येक ॲपच्या खालच्या पायऱ्यांवर तपासली आणि फरक पडतो तो इथेच. स्टॉकफिशला कमकुवत करण्यासाठी त्यात ० ते २० अशी कौशल्याची पातळी ठरवण्याची सोय आहे. पातळी खाली आणली की ते अधूनमधून मुद्दाम कमी प्रतीची खेळी निवडते. परिणामी प्रतिस्पर्धी बारा खेळ्या ग्रँडमास्टरच्या थाटात खेळतो आणि तेराव्या खेळीला कारण नसताना वजीर प्याद्याच्या तोंडी देतो. असे डाव जिंकून आनंदही होत नाही आणि शिकायलाही काही मिळत नाही, कारण माणूस अशा चुका करीत नाही. माणूस घोड्याचा दुहेरी हल्ला विसरतो, आपल्याच मागल्या ओळीवर मात होणार हे त्याला दिसत नाही, किंवा मारामारी मोजताना तो एक मोहरा कमी धरतो. या अडचणीवर २०२० मध्ये पुढे आलेला माया हा प्रकल्प मला विशेष वाटतो. त्याचे नेटवर्क माणसांच्या डावांवरच शिकवलेले आहे, आणि सर्वोत्तम खेळी शोधण्याऐवजी त्या दर्जाचा माणूस इथे काय खेळेल याचा ते अंदाज बांधते. आपले ॲप कोणत्या पद्धतीने सोपे होते, हे वाचकाला कळले तर ते दहा ताऱ्यांपेक्षा अधिक मोलाचे ठरेल.

नियमांच्या बाबतीत ‘एवढे तर सगळ्यांना येतच असेल’ असे गृहीत धरून चालत नाही. मी त्यासाठी एकच स्थिती वापरली. (घराच्या नावातले अक्षर पटाचा उभा स्तंभ सांगते, आकडा आडवी ओळ.) पांढरा राजा बी ६ वर, पांढरे प्यादे सी ६ वर, काळा राजा ए १ वर आणि काळा हत्ती डी ५ वर. पांढऱ्याने खेळायचे आणि जिंकायचे. प्यादे सी ७ वर जाते, काळा हत्ती बाजूने शह देत राहतो, पांढरा राजा पायरी-पायरीने खाली उतरत सी २ वर येतो, आणि काळा हत्ती डी ४ वर जाऊन सापळा लावतो. आठव्या ओळीला पोहोचलेल्या प्याद्याचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा करता येतो. आता प्याद्याचा वजीर केला तर हत्ती सी ४ वर येऊन शह देतो, वजिराने तो मारावाच लागतो आणि काळ्या राजाला हलायला घर उरत नाही: स्टेलमेट, म्हणजे बरोबरी. प्याद्याचा हत्ती केला तर मात्र पांढरा जिंकतो. १८९५ साली ग्लासगोच्या एका साप्ताहिकातील बुद्धिबळ सदरात ही रचना बरोबरीची म्हणून छापली गेली होती. फर्नांडो साव्हेद्रा या धर्मगुरूने हत्तीची ती खेळी दाखवली आणि रचनेला त्याचेच नाव चिकटले. (सदर चुकले आणि दुरुस्ती बाहेरून आली, हे उदाहरण या पत्रासाठी मला सोयीचे आहे, हे नाकारत नाही.)

दोन्ही बाजू मीच खेळत ही स्थिती प्रत्येक ॲपवर मांडली. एका ॲपमध्ये पट हवा तसा मांडण्याची सोयच नव्हती. दुसऱ्यात प्यादे आठव्या ओळीला टेकताच मला न विचारता त्याचा वजीर झाला आणि जिंकलेला डाव माझ्या डोळ्यांदेखत बरोबरीत गेला. ‘नेहमी वजीरच करा’ हा पर्याय सेटिंग्जच्या तिसऱ्या पानावर आधीपासूनच चालू करून ठेवलेला होता. तिसऱ्याने कमाल केली. स्टेलमेट झाल्यावरही ते काळ्याच्या खेळीची वाट पाहत घड्याळ चालवत राहिले आणि शेवटी काळ्याची वेळ संपल्याचे सांगून त्याने पांढऱ्याला विजयी घोषित केले. ही सारी तपासणी पाच मिनिटांत होते. तिला जोडून एन पासांट (दोन घरे पुढे आलेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्याने वाटेत मारणे) आणि शहाखालच्या घरातून जाणारा किल्लेकोट (राजा-हत्तीची जोडखेळी, जी अशा वेळी करता येत नाही) एवढे दोन प्रकार पाहिले, तर ॲप बनवणाऱ्याला बुद्धिबळ येते की नुसता चौसष्ट घरांचा पट रंगवता येतो, हे स्पष्ट होते.

डावाचे विश्लेषण हा भाग आज सर्वांत जास्त विकला जातो आणि त्याविषयीच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. माझा एकच डाव मी तीन ॲप्सना दिला, तेव्हा तिघांनी माझ्या ‘अचूकते’ची टक्केवारी वेगवेगळी सांगितली, एकाने ज्या खेळीला घोडचूक म्हटले तिला दुसऱ्याने किरकोळ चूक मानले. यात कोणी खोटे बोलत नाही. प्रत्येकाचे सूत्र वेगळे असते, आणि इंजिनाला विचार करायला किती वेळ व किती खोली दिली यावरही उत्तर बदलते. पटाशेजारच्या आकड्याचा अर्थसुद्धा स्थिर नाही: अधिक १ म्हणजे एका प्याद्याची आघाडी असे आपण वर्षानुवर्षे समजत आलो, पण डिसेंबर २०२२ मधील स्टॉकफिश १५.१ पासून त्या आकड्याचा अर्थ विजयाची शक्यता ५० टक्के असा ठरवण्यात आला. म्हणून दोन ॲप्सच्या टक्केवारीची तुलना करणे व्यर्थ आहे. ॲप चुकीचे कारण दाखवते का, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची पुढची खेळी पटावर चालवून पाहू देते का, एवढे पाहिले तरी पुरे.

मानांकनाची, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणाऱ्या आकड्याचीही तीच गत. फिडे ही जागतिक बुद्धिबळ संघटना १९७० पासून एलो ही मानांकनाची पद्धत वापरते; ऑनलाइन खेळण्याच्या ठिकाणांपैकी चेस डॉट कॉम ग्लिको ही दुसरी पद्धत वापरते आणि लीचेस ग्लिको २, ज्यात नव्या खेळाडूची सुरुवात १५०० पासून होते. खेळाडूंचा समुदाय वेगळा, पद्धत वेगळी, सुरुवात वेगळी. त्यामुळे एका ठिकाणचे १६०० दुसऱ्या ठिकाणी १६०० नसतात. ‘या ॲपवर माझा खेळ सुधारला’ असे सांगणाऱ्या अनेकांनी प्रत्यक्षात फक्त ॲप बदललेले असते.

ज्या दोन नावांची तुलना हमखास होते त्यांविषयी थोडेसे लिहितो. लीचेस हे थिबो ड्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० मध्ये सुरू केले. ते देणग्यांवर चालते, त्यात जाहिराती नाहीत, पैसे भरून उघडणारे एकही दालन नाही, आणि सर्व्हरवरच्या विश्लेषणाचे बरेचसे काम स्वयंसेवकांनी देऊ केलेल्या संगणकांवर होते. चेस डॉट कॉम २००७ पासून आहे, डिसेंबर २०२२ मध्ये त्याची सदस्यसंख्या १० कोटींवर गेली, धडे आणि व्हिडिओ यांचा साठा तिथे मोठा आहे; मात्र विश्लेषण आणि कोडी यांवर विनामूल्य खात्यात मर्यादा असतात. नवशिक्याला हाताला धरून शिकवणारे कोणी हवे असेल तर दुसरे बरे, ज्याला आपले आपण खणायचे आहे त्याला पहिले. मी पहिले ठेवले. इंटरनेट नसताना अँड्रॉइडवर विश्लेषण करायचे असेल, तर ड्रॉइडफिश हे रुक्ष दिसणारे, विनामूल्य ॲप स्टॉकफिशसह फोनवरच चालते. फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते, एवढे सोसावे लागते.

यांच्या पलीकडे ॲप स्टोअरमध्ये घोड्याच्या तोंडाचे चिन्ह असलेल्या ॲप्सची नुसती जत्रा आहे. शोधल्यावर सर्वांत वर दिसणारे नाव बहुधा जाहिरातीचे असते. तसे तिथे लिहिलेले असते, पण बारीक अक्षरात. मी आता बनवणाऱ्याचे नाव आणि शेवटच्या सुधारणेची तारीख आधी पाहतो, मग दोन-तीन तारे देणाऱ्यांचे अभिप्राय वाचतो, कारण पाच तारे देणारा सहसा पहिल्याच दिवशी लिहून मोकळा होतो. बुद्धिबळाच्या ॲपला माझे संपर्क आणि माझे ठिकाण कशाला हवे, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. एका ॲपने तर माझी वेळ चालू असताना पटावर जाहिरात आडवी आणली आणि ती बंद करायची फुली दिसेपर्यंत माझी वीस सेकंदे गेली. दुसऱ्याने सात दिवसांची मोफत चाचणी देताना आठव्या दिवशी वर्षभराचे शुल्क आपोआप कापले जाईल ही अट अशा राखाडी रंगात लिहिली होती की ती मला पैसे गेल्यावरच दिसली.

शेवटचा निकष सर्वांत नीरस, पण मला सर्वांत महाग पडलेला. डाव नोंदवण्याचा पीजीएन हा साध्या मजकुराचा नमुना १९९३ पासून रूढ आहे आणि त्यात लिहिलेला डाव कोणत्याही प्रोग्राममध्ये उघडतो. माझे शंभरावर डाव एका ॲपमध्ये होते. त्यातून पीजीएन बाहेर काढण्याची सोय नाही हे मला फोन बदलताना कळले, आणि ते सारे डाव तिथेच राहिले.

म्हणून विनंती अशी की, अशा प्रकारची तुलना पुन्हा प्रसिद्ध कराल तेव्हा ॲपची तपासलेली आवृत्ती, विनामूल्य भाग कुठे संपतो ते ठिकाण, आणि लेखकाने ज्या स्थिती मांडून पाहिल्या त्या आकृतीसह छापाव्यात; म्हणजे आम्हा वाचकांना त्याच स्थिती आपापल्या फोनवर मांडून लेखकाचा निकाल पडताळता येईल.

आपला,
एक हौशी बुद्धिबळपटू