कुलाब्याच्या नोंदींतले सौर वादळ

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा आईने फोनवर विचारले होते की, 'सूर्यावरून वादळ येणार आहे, रात्री मोबाईल उशाशी ठेवू नका' असा निरोप तिच्या भजनी मंडळाच्या गटात आला आहे, तो खरा मानायचा का. मी घाईत 'नाही' एवढेच म्हणून फोन ठेवला आणि नंतर मला चुटपुट लागून राहिली. निरोप चुकीचाच आहे, पण वादळे खरी असतात, आणि गेली दोन वर्षे मी फावल्या वेळात त्यांचाच अभ्यास करते आहे. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

या नादाची सुरुवात मे २०२४ मध्ये झाली. तेव्हा सूर्यावर डागांचा एवढा मोठा समूह आला होता की, ग्रहणाच्या चष्म्यातून तो दुर्बिणीवाचूनही दिसत होता. त्या आठवड्यात मी रोज सकाळी गच्चीवर दुर्बीण लावून त्याचे चित्र काढले. (आई, दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाशी सौरगाळणी बसवल्याशिवाय मी ती सूर्याकडे वळवत नाही, आणि बसवण्याआधी तिला टाचणीएवढेही छिद्र पडलेले नाही ना, हे दिव्यासमोर धरून पाहते.) मधल्या काळ्या भागांच्या कडा फाटक्या कापडासारख्या होत्या आणि भोवती करडी झालर होती. त्याच समूहातून चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन तप्त वायूचे लोट एकामागून एक सुटले आणि १० मेच्या रात्री वीस वर्षांतले सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली मोठी खळबळ, झाली. लडाखमध्ये हानले येथे आकाशाला चढलेली तांबडी प्रभा कॅमेऱ्यांनी टिपली.

सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत सव्वाआठ मिनिटांत पोहोचतो. या लोटांना मात्र बहुधा एक ते तीन दिवस लागतात. लोट आला म्हणजे वादळ होतेच असे नाही. त्याच्यातील चुंबकीय क्षेत्राचा रोख दक्षिणेकडे, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असेल, तरच त्याची ऊर्जा मोठ्या प्रमाणावर आत शिरते, आणि हा रोख खात्रीने कळतो तो लोट पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या उपग्रहांपाशी पोहोचल्यावरच. सूर्याचा अभ्यास करणारे आपले यान 'आदित्य-एल१' जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे आणि त्यावरची एक दुर्बीण आमच्या पुण्याच्या 'आयुका' या खगोलसंशोधन संस्थेने घडवली आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. तिथून पुढे आपल्या हाती जेमतेम तासाभराचा अवधी उरतो.

नुकसान होते ते यंत्रणांचे. मार्च १९८९ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज अशाच वादळाने गेली आणि सुमारे ६० लाख माणसे कित्येक तास अंधारात राहिली. आपल्या शरीराला वातावरणाचे कवच आहे आणि उशाजवळच्या मोबाईलाचा याच्याशी काही संबंध नाही, एवढे आईने मंडळात निःशंकपणे सांगावे.

बाबा, आता खास तुमच्यासाठी. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन माझ्यासारखेच सूर्यडागांचे चित्र काढत असताना त्यांना डागांवर पांढरा लखलखाट दिसला. तो पाचएक मिनिटांत विझला, पण साडेसतरा तासांनी जे वादळ पृथ्वीवर आदळले ते आजवर मोजल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या वादळांपैकी एक ठरले. अमेरिकेत काही तारमास्तरांनी बॅटरी काढून, केवळ तारेत उतरलेल्या प्रवाहावर संदेश पाठवले. त्या वादळाची अत्यंत मोलाची नोंद मुंबईची आहे. कुलाबा वेधशाळेत तेव्हा चुंबकाची वाचने हाताने, दर तासाला घेत असत. क्षेत्र अस्वस्थ झाल्याचे दिसताच तिथल्या माणसांनी ती पंधरा-पंधरा, पाच-पाच मिनिटांनी घ्यायला सुरुवात केली, आणि त्यामुळेच पृथ्वीच्या क्षेत्रातली सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचे एकक) घट कागदावर उतरली. मे २०२४ च्या वादळाचा, साऱ्या पृथ्वीची सरासरी दाखवणारा आकडा ४०० च्या आसपास होता. कुलाब्याच्या नोंदींचे विश्लेषण २००३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे ते वाचन लिहिणाऱ्याला आपण काय लिहून ठेवले हे कधीच कळले नसणार. मला त्या माणसाचे फार वाटते.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने वाचने बिघडणार म्हणून चुंबकीय मापन १९०४ पासून आपल्या अलिबागला हलवले गेले. समुद्राजवळची ती वेधशाळा हीच. लहानपणी तुमचा हात धरून मी कितीदा तिच्यावरून गेले, पण आत काय मोजतात हे कधी विचारले नाही. तिथल्या मापनाच्या खोल्या लोखंड टाळून बांधल्या आहेत, हे मला आता कळले.

तुम्ही पर्जन्यमापकाचे आकडे ज्या वह्यांत लिहिता, त्या जुन्या वह्या रद्दीत देऊ नयेत, ही विनंती. दिवाळीला येताना दुर्बीण आणि गाळणी घेऊन येते. सकाळी नऊच्या आत अंगणात ऊन कुठे येते, ते आईने पाहून ठेवावे. तिला सूर्यावरचे डाग दाखवायचे आहेत.

आपली,
ताई