पासवर्ड बरोबरच होता: मनापासून आभार

तीन दिवस घरचा संगणक कुणालाच आत घेत नव्हता. पासवर्ड टाकला की स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि पुन्हा तीच लॉगिनची चौकट. माझं खातं असो की मुलीचं, तेच. लिनक्स (संगणक चालवणारी मूळ प्रणाली) नव्याने टाकायच्या बेतात होतो, पण आईने लिहून ठेवलेल्या आठवणी त्यातच होत्या, हात धजावत नव्हता.

तुमची नावंही मला ठाऊक नाहीत, तरी मदतीला आलेल्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. "पासवर्ड चुकला असता तर तसा संदेश आला असता, तो येत नाही, म्हणजे पासवर्ड बरोबर आहे," असं तुमच्यातल्या एकाने सांगितलं आणि तिथूनच गुंता सुटायला लागला. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबल्यावर नुसत्या अक्षरांची काळी स्क्रीन आली, आणि तिथे तोच पासवर्ड चालला! डिस्क पाहिली तर १०० टक्के भरलेली. लॉगिन होताना काही छोट्या फाइल लिहाव्या लागतात, त्यांनाही जागा उरली नव्हती. बॅकअपची बाहेरची डिस्क जोडलेली नसताना बॅकअप मुख्य डिस्कवरच साठत गेला होता. (हे ज्यांनी ओळखलं, त्यांना खास नमस्कार.)

रात्री उशिरापर्यंत माझ्याकडून एकेक ओळ टाइप करून घेताना तुमच्यापैकी कुणीही घाई केली नाही. काही पुसण्याआधी फोल्डरचं नाव दोनदा वाचायला लावलंत. आईची फाइल जशीच्या तशी आहे; काल तिने त्यात आणखी एक पान लिहिलं.