सेल्फ-डायनमोवाले भाऊ, भिंतीवरच्या त्या रेघेबद्दल आभार

भाऊ, सप्रेम नमस्कार.

आमच्या जीपच्या हेडलाइटचं काम केलंत, त्याचे फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, गाडी कशी हाय?" म्हणून विषय बदलता. दुकानात येऊन बोलावं, तर तुमचं डोकं कोणाच्या ना कोणाच्या बोनेटखाली असतं. म्हणून लिहून टाकतो, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितो. जुनी जीप, ट्रॅक्स, सुमो घेऊन रात्रीबेरात्री निघावं लागणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनाही कामी पडेल.

त्यांच्यासाठी आधी गाडीची ओळख. आमची कमांडर जीप १९९८ ची, एमएच २९, म्हणजे यवतमाळ पासिंगची. इंजीन अजून ठणठणीत, पण हेडलाइट म्हणजे नावाला. घाटंजी-पांढरकवडा भाग, एका अंगाला टिपेश्वरचं जंगल. रात्री रस्त्यावर कोण आडवं येईल याचा नेम नाही. रोही (नीलगाय) येतो, डुकरांचा कळप येतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बंडी, बैलगाडी. बंडीला मागे ना लाल दिवा ना रेडियमची पट्टी. समोरून येत असेल तर निदान बैलांचे डोळे चमकतात, पाठमोरी असली की काहीच नाही. कापसाच्या दिवसांत भरलेली ट्रॉली अंधारात पंक्चर होऊन उभी असते ती वेगळीच. पावसाळ्यात गावात कोणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की लोक आमचंच दार वाजवतात आणि गाडी यवतमाळच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या रस्त्याला लागते. पन्नाशीनंतर डोळ्यांचंही तसंच. समोरच्या गाडीचा झोत गेला की कितीतरी वेळ नुसता काळोख.

तेव्हा भाच्याने पुण्याहून एचआयडीचं, म्हणजे झेनॉनच्या झगझगीत दिव्यांचं, किट पाठवलं, त्याचा मला आनंदच झाला होता. तो उजेड मला पाहिजे होता, आजही पाहिजे आहे. शहरातला एक दुकानदार "अर्ध्या तासात टाकून देतो, जुना बल्ब काढायचा, हा लावायचा" म्हणालाही होता. तुम्ही मात्र डबा उघडून नवा बल्ब एका हातात घेतला, माझ्या गाडीतला जुना हॅलोजन दुसऱ्या हातात, आणि मला उन्हात बोलावलंत.

जुन्या एच-फोर बल्बात दोन फिलामेंट असतात हे मला माहीत होतं, एक अप्परचं, म्हणजे लांबच्या झोताचं, आणि एक डिपरचं, म्हणजे खाली वळवलेल्या झोताचं. डिपरच्या फिलामेंटखाली नखाएवढी पत्र्याची वाटी असते, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. त्या वाटीमुळे डिपरचा उजेड डोमच्या, म्हणजे दिव्याच्या आतल्या चकचकीत आरशाच्या, फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर जातो. डोमचा आकार त्या बारक्या फिलामेंटच्या जागेचा हिशेब करून घडवलेला. किटच्या बल्बात फिलामेंटच नाही. काचेच्या गोळीत झेनॉन वायू आणि दोन टोकांच्या मध्ये पेटलेली ठिणगीची कमान. ती पेटवायला बॅलास्ट, म्हणजे किटमधली विजेची डबी, वीस हजार व्होल्टच्या वरचा झटका देतो, आणि एकदा पेटली की ८५ व्होल्टच्या आसपास चालत राहते. ३५ वॉटमध्ये तीन हजार ल्युमेनच्या वर उजेड. ५५ वॉटचा हॅलोजन डिपरला हजारभर देतो. ऐकूनच माझी लाळ गळली. तुम्ही म्हणालात, "तीनपट हाय ना, पन त्याले दिशा नाही. या डोममंधी पेटवला त चौफेर उडन. तुमाले झाडाचे शेंडे दिसन आन समोरच्याले काहीच दिसनार नाही."

मग बल्ब राहिले बाजूला आणि तुम्ही मीटर काढलं. हे मला फार आवडलं. इंजीन बंद, लाइट चालू; बॅटरीवर १२.४ व्होल्ट आणि बल्बच्या होल्डरवर १०.३. मधले दोन व्होल्ट गेले कुठे? तर डॅशबोर्डच्या स्विचमध्ये, डिपरच्या घासलेल्या पॉइंटात, पंचवीस वर्षं जुन्या बारीक वायरीत आणि गंजलेल्या अर्थिंगमध्ये. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर हॅलोजनचा उजेड तीस टक्के पडतो, असं तुम्ही सांगितलंत. म्हणजे माझा जवळजवळ निम्मा उजेड बल्बपर्यंत पोचतच नव्हता. आणि अशा वायरिंगवर किट लावलं असतं तर पेटतेवेळी बॅलास्ट जो करंट ओढतं तो मिळाला नसता. एक दिवा पेटला असता, दुसरा नुसता लुकलुकला असता. स्विच जळला असता ते वेगळं.

मग तुम्ही बॅटरीवरून अडीच एमएमची नवी वायर काढली, बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज घातला आणि दोन रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, बसवले. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरी, ८७ वरून लाइट, ८५-८६ मध्ये जुन्या स्विचची वायर. आता स्विच फक्त रिले उचलतो, लाइटचा भार त्याच्यावर येत नाही. अर्थिंगसाठी चेसिसचा रंग खरवडून चकचकीत लोखंड काढलंत, लग दाबून बोल्ट कसला, वरून ग्रीस लावलं. पिळून काळी टेप गुंडाळलेला एकही जोड कुठे नाही. एवढं झाल्यावर जुनेच साठ-पंचावन्न वॉटचे हॅलोजन लावून पेटवलेत आणि मला विचारलंत, "आता सांगा, किट पायजे का?"

पुष्कळांचं काम इथेच भागेल, म्हणून मुद्दाम लिहितो. किट घ्यायच्या आधी कोणीही होल्डरवर मीटर लावून पाहावं. दोन रिले आणि थोड्या वायरीचा खर्च किटच्या मानाने काहीच नाही.

पण मी म्हणालो, पाहिजे. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "मंग बराबर करू."

बराबर म्हणजे काय ते पुढे कळलं. नागपूरच्या भंगारातून तुम्ही अपघातात गेलेल्या गाडीचे प्रोजेक्टर मागवले. प्रोजेक्टरमध्ये बल्बसमोर पत्र्याचा पडदा असतो आणि त्याच्यापुढे जाड भिंग. वरचा उजेड पडदा अडवतो, म्हणून भिंतीवर उजेडाला सरळ कड पडते, पट्टीने ओढल्यासारखी. अप्परला पडदा टक्कन खाली पडतो, बल्ब तोच राहतो. पहिली जोडी आली ती दिसायला छान होती. तुम्ही ती नुसती हातात धरून भिंतीवर मारली आणि परत पाठवून दिली. मला कारण समजेना. तुम्ही दाखवलंत, की ती कड उजवीकडे वर चढत होती. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून कड डावीकडे वर चढायला पाहिजे. डाव्या बाजूचा मैलाचा दगड, पायी चाललेला माणूस दिसावा आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यात काही जाऊ नये. ती जोडी उजवीकडून गाड्या चालवणाऱ्या कुठल्या तरी देशातली होती. मला ते जन्मात कळलं नसतं. मी ती लावून वर्षानुवर्षं लोकांच्या डोळ्यात उजेड मारत फिरलो असतो आणि प्रोजेक्टर आहे म्हणून मिरवलंही असतं.

दुसरी जोडी बरोबर निघाली. डोमची काच गरम करून सोडवली, आत भोक मोठं केलं, प्रोजेक्टर बसवला, सिलिकॉन भरलं. किटचे बल्ब त्यात बसत नव्हते; बॅलास्ट तेच वापरलं, बल्ब वेगळे घेतले. तेही ४३०० केल्विनचे. हा आकडा उजेडाच्या रंगाचा, जितका जास्त तितका उजेड निळा. भाच्याच्या डब्यावर ८००० लिहिलं होतं आणि त्याला तो निळा रंग फार आवडतो. तुमचं म्हणणं पडलं, की निळा दिसायला भारी, पण उजेड कमी, आणि ओल्या डांबरावर तर तो दिसतच नाही. आपल्याकडे रस्ता काळा, कडेची मातीही काळी. तिथे पिवळसर पांढराच बरा.

आता त्या भिंतीबद्दल. मला खरे आभार तिचेच मानायचे आहेत. दिवेलागणीला गाडी कापसाच्या जिनिंगच्या चुन्याच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर उभी केलीत. चाकांत हवा मोजली. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारली, त्याच्या तीन इंच खाली दुसरी रेघ, आणि उजेडाची कड त्या खालच्या रेघेवर आणली. मला वाटलं, झालं. मी किल्ली मागितली, तर तुम्ही म्हणालात, "रातच्याले गाडी रिकामी पयते का कधी?"

रिकामी कुठली! कापूस नाहीतर माणसं. तुम्ही टपरीवरच्या पोरांना हाक मारली, चहा पाजायचं कबूल केलं आणि सगळ्यांना मागच्या बाकांवर बसवलंत. मागचे पाटे दबले, नाक वर झालं, आणि भिंतीवरची कड आमच्या डोळ्यांदेखत वीतभर वर सरकली, खडूच्या दोन्ही रेघांच्या वर! म्हणजे रिकाम्या गाडीवर केलेलं सगळं सेटिंग भरल्या गाडीला उलटं. पोरं मागे दंगा करत होती, एक जण उतरून पळाला तर त्याला दम भरून परत बसवलंत, आणि तुम्ही उकिडवे बसून स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत होतात. मग सगळ्यांना उतरवून कड किती खाली जाते ते पाहिलंत, पुन्हा बसवलंत. शेवटी भरल्या गाडीवरच लावून ठेवलंत. "रिकामी असली का थोडा जवळ पडन. पडू द्या."

नंतर भाच्याने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम वाचून दाखवला. दिव्यापुढे आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये, इतका झोत खाली वळवलेला पाहिजे. हे मोजायला त्यात कुठे टपरीवरची पोरं नाहीत, हा भाग वेगळा. पूर्वी ट्रकांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला असायचा तो याच कारणाने. आता तो रंग गेला आणि नुसता झगझगाट उरला. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर रात्री अर्धा तास चालवून पाहावं कोणीही.

कायद्याचंही तुम्ही झाकून ठेवलं नाहीत. कंपनीने दिल्यापेक्षा वेगळं काही बसवलं की आरटीओच्या पासिंगला साहेब हरकत घेऊ शकतात, आणि घेतली तर ती रास्तच, असं आधीच सांगितलंत. जुने डोम गोणपाटात बांधून माझ्या हवाली केलेत. काढा म्हणाले तर काढू. वायरिंग तरी कोणी काढायला सांगणार नाही.

आता गाडीचं सांगतो, तुम्हाला तेच ऐकायचं असतं. पेटवल्यावर पहिले काही सेकंद उजेड फिका असतो, मग भरतो. त्याची सवय झाली. धुवारीत, म्हणजे धुक्यात, चालवून पाहिली. उजेड वर उडत नाही म्हणून समोर पांढरी भिंत उभी राहत नाही, रस्त्याची कड दिसते. तरी धुवारीत हळूच चालवतो. परवा वळणावर रोह्यांची जोडी उभी होती, दोन्ही रस्त्याच्या डाव्या अंगाला, ती वर चढणाऱ्या कडेतच दिसली आणि निवांत थांबता आलं. हायवेवर ट्रकवाले मला अप्पर मारत नाहीत. माझ्या दृष्टीने सर्टिफिकेट तेच. आणि आमचा दूधवाला, जो पहाटे मोटारसायकलला कॅन लटकवून समोरून येतो, त्याने विचारलं, "भाऊ, तुमी अप्पर लावतच नाही का?" गावातल्या दुसऱ्या एका जीपला तसलंच किट साध्या डोममध्ये टाकलेलं आहे. ती आली की हा बिचारा रस्ता सोडून सरळ वावराच्या धुऱ्यावर जाऊन उभा राहतो. हे सगळं मी त्या जीपवाल्याला सांगितलं आहे. तो येईल तुमच्याकडे, नाहीतर मी घेऊन येईन.

दोन कामं राहिली. डाव्या डोममध्ये पहाटे वाफ धरते. सिलिकॉन कुठेतरी सुटलं असावं. आणि तुमच्या बिलात पहिली जोडी परत करायला गेलेल्या नागपूरच्या चकरेचं भाडं नाही, भिंतीपाशी गेलेल्या संध्याकाळची मजुरी नाही आणि पोरांचा चहाही नाही. बाजाराच्या दिवशी येतो. ते सगळं लिहून ठेवा, नाहीतर मी अंदाजाने देईन आणि तुम्हाला जास्तच घ्यावे लागतील. मेव्हण्याची ट्रॅक्सही सोबत आणतो आहे. त्याने अजून काही विकत घेतलेलं नाही, आधी मीटर लावा.

तुमचा,
कमांडरवाला