शाडूचा उंदीर

ओणीपासून आत, ता. राजापूर
गौरीपूजनाची रात्र, २०२५

प्रिय पक्या,

पाकीट बघून दचकला असशील. सगळे धडधाकट आहेत. माझा मोबाईल आठवडाभर तांदळाच्या डब्यात समाधी घेऊन बसलाय. आई रोज भाताला तांदूळ काढताना त्याला बाजूला सारते आणि 'अजून नाही उठला' म्हणत झाकण लावते. वीज संध्याकाळीच गेली. भाच्याच्या गणिताच्या वहीची मधली पानं फाडून कंदिलाजवळ बसलोय, तेव्हा अक्षर चौकटीबाहेर गेलं तर समजून घे.

लिहायचं कारण तो व्हॉइस मेसेज. माणगावच्या अलीकडे, भर पावसात, रस्त्याच्या कडेला उभं राहून मी तुला गाडीवरून जे काही ऐकवलं, त्याच्या टिका निळ्या झालेल्या पाहिल्या. उत्तर आलं नाही, येणार तरी काय म्हणा. त्यातलं अर्धं मला मागे घ्यायचंय. उरलेल्या अर्ध्यावर मी अजून ठाम आहे.

झालं असं, की यंदा आमच्या गावची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना, भरलीच नाही. आपला पाट नेऊन द्यायचा आणि चतुर्थीला मूर्ती डोक्यावरून घरी आणायची, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. पण कारागीर आजोबांच्या हाताला कंप सुटलाय. माती मळता येते, डोळ्यांची आखणी होत नाही. काकाने फर्मान काढलं, येताना पेणहून घेऊन ये, शाडूचीच. प्लास्टरची आपल्या वहाळात विसर्जित करायची नाही.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला मी मोबाईलवर बोट ठेवून बसलो होतो. तिकिटं दोनच कन्फर्म झाली, त्यात बायको आणि मुलगी गेली. कोकण रेल्वेने यंदा कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत गाड्या मालगाडीवर चढवून न्यायची सोय काढली आहे, मध्ये सिंधुदुर्गातल्या नांदगावलाही उतरवतात. पण नांदगाव आमच्या पुढे. म्हणजे घर ओलांडून जायचं आणि उलटं यायचं. राहिली तुझी गाडी. पैसे देऊन दहा महिने झाले तरी तोंडात 'तुझी गाडी' असंच येतं, आणि या प्रवासात तर ते फार सोयीचं पडलं.

आई, भाचा आणि मी चतुर्थीच्या तीन दिवस आधी पहाटे तीनला डोंबिवलीहून निघालो. कर्नाळ्याच्या खिंडीत पावसाने गाठलं. या दिवसांत पेणला रात्र नसते, सगळ्या कारखान्यांत दिवे जळत असतात. आमची मूर्ती सव्वा फुटाची, दोन्ही हातांनी उचलावी लागावी इतकी जड. पायाशी मोदक धरलेला उंदीर, असा नेटका की भाचा गणपती सोडून त्याच्याकडेच बघत राहिला. आई म्हणाली, मी मांडीवर घेते. कारागीर म्हणाले, आजी, एवढ्या लांब मांडी टिकायची नाही, पुढच्या सीटसमोर खाली ठेवा, चारी बाजूंनी उशा लावा, हलणार नाही. पटलं. अख्ख्या गाडीत त्याहून सुरक्षित जागा नव्हती. पाट ठेवला, उशा ठोसल्या, वरून माझी लुंगी पांघरली.

पनवेल ते इंदापूर ८४ किलोमीटर. २०११ साली तिथलं चौपदरीकरण सुरू झालं तेव्हा आपण दोघंही बिनलग्नाचे होतो. आता माझी मुलगी सातवीत आहे आणि इंदापूर, माणगावची बाह्यवळणं अजून व्हायचीच आहेत. सगळी वाहतूक बाजारपेठेतून. टोलमाफीचा पास पोलीस ठाण्यातून आणून काचेला लावला होता. त्याचा लगदा नागोठण्यालाच झाला, काच आतून घामेजून.

काच आतून ओली का होतेय, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

इंदापूर सोडलं आणि डाव्या चाकाखाली धाडकन काहीतरी गेलं. पाण्याने भरलेला खड्डा, कळणार कसा! चाक बसलं. रिमची कडाही दुमडली. उतरलो. तुझी स्टेपनी काढली. 'नवीकोरी आहे' म्हणाला होतास, आणि होतीही नवीकोरी, रबराचे केससुद्धा गेले नव्हते तिचे. पण हवा नव्हती. बोटाने दाबलं तर पुरीसारखी आत गेली. जॅक सापडला, चाकाचे नट सोडवायची लोखंडी टॉमी सापडेना. सीटखाली, डिकीत, चटईखाली, कुठेही नाही. मी आणि भाचा निथळत उभे, बाजूने जादा एसट्यांची रांग आमच्यावर चिखल उडवत चाललेली.

तेवढ्यात आई मागच्या काचेतून म्हणाली, "मातीचा वास येतोय रे."

मी म्हटलं, "पाऊस पडतोय आई, येणारच."

"बाहेरच्या मातीचा नव्हे."

मी पुढचं दार उघडलं आणि लुंगी उचलली. पक्या, चटईत चार बोटं पाणी होतं आणि ते दुधासारखं पांढरं झालं होतं. डॅशबोर्डच्या खालून, पंख्याच्या बाजूने एक धार येत होती, बारीक, सुतासारखी, अजिबात न थांबणारी. पाटाची एक बाजू बुडालेली. पितांबराचा पिवळा रंग ओघळून उशीला लागलेला. आणि उंदीर... आधी त्याचा मोदक गेला असावा. मी बघितलं तेव्हा कान होते, नाक नव्हतं. आई उतरून येईपर्यंत कानही गेले. माझ्या डोळ्यांदेखत त्याची पाठ खचली आणि राखाडी गोळा पाटावरून घसरून पाण्यात बसला.

मी टॉवेल घेऊन पुसायला धावलो तर आईने हात धरला. "पुसू नकोस, रंग जाईल. टिपून घे." मग भर पावसात डोक्यावर छत्री धरून तिने बाळाचं अंग टिपावं तसं मूर्तीचं बूड टिपलं. पाट तिच्या मांडीवर गेला आणि पुढचे दोनशेहून जास्त किलोमीटर तिथेच राहिला. सत्तरीच्या बाईने आत्तापर्यंत त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही, गुडघ्यांना तेल मात्र लावते.

इथे मी तुला तो मेसेज पाठवला. 'मक्खन गाडी', 'एका थेंबाची तक्रार नाही', हे तुझेच शब्द तुला परत केले, वर थोडी स्वतःची भर घातली. ती भर आईने ऐकली. तेव्हापासून ती माझ्याशी जरा जपूनच बोलते.

एका टेम्पोवाल्याने पाना दिला, माणगावपर्यंत चाक नेऊन हवा भरून आणली, पैसे घेतले नाहीत. त्याच्या टेम्पोत ताडपत्रीखाली बारा गणपती होते, सगळे ठणठणीत कोरडे. पंक्चरवाल्याने रिम घणाने ठोकून सरळ केली. पाहिलंस तर आजही तुला तिच्यात करंजीच्या कडेसारखी मुरड दिसेल.

महाडला सावित्रीच्या पुलावर आईने नेहमीसारखे हात जोडले, पण मांडीवर पाट असल्याने अर्धेच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री जुना पूल गेला आणि दोन एसट्या त्यासोबत गेल्या, तेव्हापासून ती या पुलावर बोलत नाही. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. भाचा खिडकीतून खाली बघत होता. पाणी गढूळ, दोन्ही काठ भरून.

पोलादपूरच्या अलीकडे माझ्या बाजूच्या वायपरची पट्टी उडाली आणि काचेवर नुसती दांडी कुरकुरायला लागली. डावीकडची काढून उजवीकडे लावली. ती आखूड निघाली. वर एक रुंद पट्टा पुसलाच जाईना आणि मला पुढचं जग मान वाकवून, बुटक्या माणसासारखं बघावं लागलं. कशेडीच्या बोगद्यात शिरलो तेव्हा गाडीत एकदम शांतता झाली. जवळपास दोन किलोमीटर पाऊस नाही, वायपर नाही, दिव्यांची रांग आणि टायरचा आवाज. भाचा म्हणाला, "मामा, इथेच राहू या का?" मीही तोच विचार करत होतो.

परशुराम घाटात दरडीची माती एका बाजूला आलेली, जेसीबी चालू, एकेरी सोडत होते. दोन तास. आमच्या पुढे तोच बारा गणपतींचा टेम्पो. चालक मागे येऊन चहा देऊन गेला आणि जाता जाता विचारलं, "उंदराचं काय झालं?" म्हणजे बातमी रांगेत फिरली होती.

रात्री चिपळूणला मावशीकडे थांबलो. तिच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीला एक आडवी रेघ आहे, शेजारी पेन्सिलने '२२ जुलै २०२१'. नंतर रंग दिला तेव्हाही तेवढी रेघ तिने सोडायला लावली. मी तिला गाडीतल्या पाण्याची कहाणी तिखटमीठ लावून सांगितली. ती ऐकून रेघेकडे बघून म्हणाली, "चार बोटं? बरं." विषय संपला.

आणि आता ते मागे घ्यायचं अर्धं. मावशीच्या शेजारी गॅरेजवाला मुलगा राहतो. रात्री साडेनऊला बॅटरी घेऊन आला, बॉनेट उचललं, वायपरखालची काळी जाळी उघडली आणि कोपरापर्यंत हात घालून दोन मुठी काळपट लगदा बाहेर काढला. शेणासारखा. त्यात बारीक बारीक पानं. "पाणी जायची भोकं गच्च झालीत," म्हणाला. "बाहेर जाता येईना म्हणून पंख्याच्या वाटेने आत येतंय. दादा, गाडी गुलमोहराखाली लावता का?" त्याने मगभर पाणी ओतलं, ते चाकामागून घळाघळ खाली गेलं. आत थेंब नाही.

किल्ली देताना तू काय म्हणाला होतास ते मला शब्दन्‌शब्द आठवलं. 'झाडाखाली लावू नकोस, पानं अडकतात.' आणि मी सोसायटीत फुशारकी मारत होतो की मला सावलीतली जागा मिळाली. तेव्हाच तुला फोन करता आला असता. मावशीकडे रेंज होती. खरं सांगायचं तर लाज वाटली. म्हटलं, उद्या करू. दुसऱ्या दिवशी मोबाईल पाण्यात गेला.

दुसऱ्या दिवसाबद्दल थोडक्यात. आरवली ते संगमेश्वर रस्ता कमी आणि वळणाचे फलक जास्त. हातखंब्याला मिसळ, लांज्याला पेट्रोल. ओणीवरून आत वळलो तोवर पाऊस थांबला होता, मला वाटलं सुटलो. आमच्या वाडीच्या अलीकडचा साकव, वहाळावरचा छोटा पूल, पाण्याखाली. पलीकडे काका, चार पोरं आणि ते कारागीर आजोबा छत्री घेऊन उभे. गाडी तिथेच ठेवली. मूर्तीला प्लास्टिक गुंडाळलं, काकाने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि वर पाट. मांडीएवढ्या पाण्यातून दोन्ही बाजूंनी पोरांचे हात धरून तो पलीकडे गेला. पिशव्या घेऊन मागून मी. माझा पाय शेवटच्या दगडावरून सटकला. मूर्तीला काही झालं नाही, कारण ती माझ्याकडे नव्हती. मोबाईल माझ्याकडे होता.

घरी मूर्ती दोन दिवस पंख्याखाली ठेवली. आजोबांनी बूड चाचपलं, म्हणाले, आतून घट्ट आहे, प्रतिष्ठा व्हायचीय अजून, तोवर मातीच ती, चिंता नको. चटईतून खरवडून आणलेला गोळा मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो भाच्याच्या हातात दिला. कान कसे ओढायचे, शेपूट कशी वळायची, ते नुसतं तोंडाने सांगत राहिले. त्यांचे हात मांडीवर, बोटं हलत होती. तासाभराने जे झालं ते उंदीर कमी आणि डुक्कर जास्त आहे. रंग पुरला नाही म्हणून अर्धा राखाडी, अर्धा पिवळा. मोदक त्याच्यापेक्षा मोठा. पाच-सहा दिवस दर्शनाला येणारा प्रत्येक माणूस वाकतो, नमस्कार करतो, मग जरा आणखी वाकतो आणि हळूच विचारतो, "हे काय?" भाचा दर वेळी तितक्याच गंभीरपणे सांगतो, "उंदीर. शाडूचा." आज गौरींसमोर फुगड्या घालायला आलेल्या बायकांनी त्याला वेगळी ओवाळणी घातली. अकरा रुपये.

तर पाण्याबद्दल जे बोललो ते मागे घेतलं, सगळं, त्या दोन शब्दांसकट. वहिनींनी ऐकला नसेल मेसेज तर ऐकवू नकोस. स्टेपनीतल्या हवेबद्दल मात्र एक शब्दही मागे घेणार नाही.

उद्या विसर्जन, परवा परतीचा प्रवास, त्याच रस्त्याने. पत्र पोहोचेपर्यंत मी डोंबिवलीत असेन, पण मला झोप लागण्यासाठी तरी काकाच्या फोनवर आजच कळव, नंबर आईने पाकिटावर लिहिलाय... आत्ता लिहिताना लक्षात आलं, पत्र तुला आज कसं मिळेल. असू दे. टॉमी कुठे ठेवली आहेस ते तेवढं मिळेल तेव्हा सांग.

तुझा,
बाब्या

ता. क. आई म्हणते, डिकीच्या डाव्या कोपऱ्यात गोणपाटात काहीतरी लोखंडी गुंडाळलेलं आहे, तिने निघतानाच पाहिलं होतं. मी विचारलंच नाही म्हणे.